मीटरमधल्या सिमचा नंबर काय? : जोडलेल्या उपकरणांना देशाचे धोरण कशासाठी लागते

आमच्या गल्लीत नवे वीजमीटर बसवायला माणसे आली, त्या दिवसापासून संध्याकाळच्या गप्पांचा विषय बदलला आहे. मीटर पळतो का, रिचार्ज संपल्यावर मध्यरात्री अंधार होईल का, जुना मीटर नीट चालत असताना तो काढलाच कशाला, हे प्रश्न महाराष्ट्रभर विचारले जात आहेत तसे सांगलीतही विचारले जातात. पण शेजारच्या एका निवृत्त गुरुजींनी विचारलेला प्रश्न मला जास्त मुळाशी जाणारा वाटला. ते म्हणाले, "ह्यात सिम कार्ड आहे म्हणतात. मग त्याचा नंबर काय, बिल कोण भरतं, आणि ते दिवसभर बोलतं तरी कुणाशी?"

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मीटरच्या डब्यात सापडत नाहीत. ती दूरसंचार, वीज, व्यापार आणि खासगीपणा यांच्या नियमांत विखुरलेली आहेत, आणि त्या नियमांची एकत्र मांडणी म्हणजेच जोडलेल्या उपकरणांचे राष्ट्रीय धोरण. हे धोरण ऐकायला दिल्लीतल्या दालनातले वाटते. प्रत्यक्षात ते द्राक्षबागेतल्या सेन्सरपासून आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत रोज आपल्या वाटेत येते.

जोडलेले उपकरण म्हणजे नक्की काय

कालव्यावरचा पाटकरी काय करतो ते आठवा. तो चारीवर जाऊन पाण्याची पातळी पाहतो, सायकलवरून कचेरीत येऊन ती सांगतो, आणि कचेरीचा हुकूम घेऊन परत जाऊन दार वर-खाली करतो. जोडलेल्या उपकरणात हीच चार कामे चार भागांत वाटलेली असतात. पाहणारा डोळा म्हणजे सेन्सर, सायकल म्हणजे मोबाइल किंवा रेडिओचे जाळे, कचेरी म्हणजे दूर कुठेतरी असलेला संगणक, आणि दार फिरवणारा हात म्हणजे उपकरणातला स्विच. केविन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये यासाठी 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्दप्रयोग केला आणि तो जगभर रूढ झाला. या लेखात आपण 'जोडलेली उपकरणे' असेच म्हणू.

फरक एवढाच की पाटकरी गावातला असतो. त्याला नाव असते, त्याने चूक केली तर कुठे तक्रार करायची हे ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला तर त्याच्या जागी दुसरा येतो. उपकरणाच्या बाबतीत या साध्या गोष्टी आपोआप घडत नाहीत; त्या कोणीतरी आधी ठरवून ठेवाव्या लागतात.

आधी मीटरबद्दलची शंका

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुरू केलेल्या वीज वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे, आणि योजनेचा एकूण आकार ३,०३,७५८ कोटी रुपयांचा आहे. विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत असे जाहीर केले. पुढे जे मीटर बसू लागले ते टीओडी या नावाने, म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारे, आणि बिल मात्र नेहमीप्रमाणे महिन्याच्या अखेरीस देणारे.

मीटर मोजतो एका भागाने आणि बोलतो दुसऱ्या भागाने. त्यामुळे सिम बसवले म्हणून मोजणी वेगाने होते, असे नाही. पण "असे नाही" हे सांगणारा मी कोण? ग्राहकाला ते तपासता आले पाहिजे, आणि तशी सोय नियमात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांच्या वीज नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, मीटर प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यापासून पाच दिवसांच्या आत वितरण कंपनीने दुसरा, पडताळणीचा मीटर बसवायचा आहे आणि तो किमान तीन महिने ठेवून दोन्हींची तुलना करायची आहे. मला वाटते, या एका कलमाची पाटी मीटरच्या शेजारी लावली असती तर अर्धी भांडणे झालीच नसती.

मामांच्या स्टार्टरची गोष्ट

आपल्या भागातले सर्वांत जुने जोडलेले उपकरण मीटर नव्हे, तर मोटरचा मोबाइल स्टार्टर होय. तासगाव तालुक्यातल्या आमच्या मामांनी तो 'स्मार्ट' हा शब्द गावात येण्याच्या कितीतरी आधी बसवला. विहीर घरापासून लांब, शेतीची वीज पाळीने आणि बऱ्याचदा रात्रीची, वाटेत ओढा आणि सापाची भीती. स्टार्टरमधल्या सिमला फोन लावायचा, मोटर चालू. पुन्हा लावायचा, मोटर बंद. फेज गेला तर स्टार्टरच उलट फोन करून सांगतो. मामांच्या मते घरात टीव्ही आला तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

एका वर्षी पाऊस जूनपासून चांगला लागून राहिला आणि मोटर चार महिने लावावीच लागली नाही. ऑक्टोबरात छाटणीनंतर मामांनी फोन लावला, तर सिम बंद. ९० दिवस कॉल, एसएमएस किंवा डेटा असा कोणताच वापर झाला नाही आणि खात्यात किमान शिल्लकही नसली, तर कंपनी ते सिम बंद करू शकते, असा नियम आहे. दुसरे सिम घातले गेले. पुढच्या उन्हाळ्यात सवयीने मामांनी जुनाच नंबर लावला, तेव्हा पलीकडून एका बाईंचा आवाज आला. त्यांनी अत्यंत सभ्यपणे सांगितले की त्यांच्याकडे मोटर नाही.

ही गोष्ट घरात अजून हसून सांगितली जाते, पण तिच्यात धोरणाचा सगळा प्रश्न आहे. नव्वद दिवसांचा नियम चुकीचा नव्हता. माणूस तीन महिने फोनला हात लावत नसेल तर त्याला तो नंबर नको असावा, हा अंदाज वाजवीच आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त माणूस होता. पावसाळ्यात झोपणारी मोटर नव्हती.

यावर भारताने २०१८ मध्ये एक वेगळी चौकट केली, आणि गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. यंत्रायंत्रांतल्या संवादासाठीच्या सिमला १० ऐवजी १३ अंकी क्रमांक देण्याचे ठरले, म्हणजे माणसांचे नंबर यंत्रांत संपून जाऊ नयेत. असे सिम ठरवून दिलेल्या मोजक्या क्रमांकांशी आणि पत्त्यांशीच बोलू शकते; मीटरमधले सिम कोणी काढून फोनमध्ये घातले तर त्यावरून गप्पा मारता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे. त्याचे बिल ती सेवा पुरवणारी कंपनी भरते, आणि अशा कंपन्यांनी दूरसंचार विभागाकडे नोंदणी करण्याची पद्धत २०२२ मध्ये घालून दिली गेली. मामांच्या स्टार्टरमध्ये मात्र त्यांच्याच आधारवर घेतलेले साधे सिम आहे, तेव्हा ही चौकट त्यांच्या बांधापर्यंत पोचलेली नाही.

चार आण्याची कोंबडी

सिमचा खर्च ही किरकोळ बाब वाटेल. ब्राझीलचा अनुभव तसा नाही. तिथे प्रत्येक मोबाइल जोडणीवर सरकारला द्यायची नोंदणी फी २६.८३ रेआल होती आणि शिवाय दरवर्षीचा आकार वेगळा. महिन्यातून चार वेळा दोन आकडे पाठवणाऱ्या मातीतल्या सेन्सरवर एवढी फी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. २०१४ मध्ये यंत्रांच्या जोडण्यांसाठी ती ५.६८ रेआलवर आणली गेली. जून २०१९ मध्ये ब्राझीलने राष्ट्रीय योजना जाहीर करताना आरोग्य, शहरे, उद्योग आणि शेती ही चार क्षेत्रे अग्रक्रमाने निवडली, आणि डिसेंबर २०२० मध्ये कायदा करून जानेवारी २०२१ पासून पाच वर्षांसाठी ही फी पूर्ण माफ केली.

यातला क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी कुठे उपयोग करायचा हे ठरले, मग तिथे अडणारा दगड कोणता ते शोधले गेले, आणि तो काढला गेला. उपकरणे किती कोटी बसवायची याचा आकडा शेवटी येतो. आपल्याकडे बहुधा तो पहिल्या ओळीत असतो.

शेजपाळी आणि रेडिओ लहरी

उपकरणे हवेतून बोलतात, आणि हवेतल्या लहरी कालव्याच्या पाण्यासारख्या मर्यादित असतात. सगळ्यांनी एकदम उपसा केला तर टेलच्या माणसाला काही मिळत नाही, म्हणून शेजपाळी असते. मोबाइल कंपन्यांना लिलावात मिळणाऱ्या लहरी म्हणजे मागणी अर्ज भरून, पाणीपट्टी देऊन मिळालेली पाळी. पण प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या सेन्सरसाठी लिलावात उतरावे, असे होऊ शकत नाही. त्यासाठी सरकार काही लहरी ओढ्यासारख्या मोकळ्या ठेवते: कोणीही बादली बुडवावी, मात्र दहा अश्वशक्तीची मोटर लावू नये.

भारतात असा ओढा २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मोकळा झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत रुंद केला गेला. प्रक्षेपकाची ताकद एक वॉटपर्यंत ठेवली तर परवाना लागत नाही. कमी वीज खाणारी, एका बॅटरीवर काही वर्षे चालणारी आणि काही किलोमीटरपर्यंत पोचणारी उपकरणे याच पट्ट्यात चालतात. अमेरिकेत हेच काम ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये होते. म्हणून तिकडच्या बाजारासाठी बनवलेला स्वस्त डबा ऑनलाइन मागवून बागेत लावला, तर तो तांत्रिकदृष्ट्या उत्तम चालेल आणि कायद्याने मात्र चुकीच्या पाटातले पाणी ओढत राहील.

आयर्विनचे फूट, अलमट्टीचे मीटर

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा भाग म्हणजे उपकरणांनी एकमेकांना समजेल असे बोलणे. त्यासाठी सांगलीसारखे उदाहरण शोधून सापडणार नाही.

पावसाळ्यात इथे दोन माणसे भेटली की "आयर्विनला किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, हा प्रश्न ठरलेला असतो, आणि उत्तर फुटांत येते. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढे गेलेले पाणी कोणीच विसरलेले नाही. कोयनेचा साठा आपण टीएमसीत ऐकतो, विसर्ग क्युसेकमध्ये, आणि कर्नाटकातल्या अलमट्टीची पातळी मीटरमध्ये. सांगलीकराला ही सगळी भाषांतरे तोंडपाठ आहेत. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस कोयनेचा विसर्ग ऐकून आयर्विनला किती तासांनी किती फूट वाढेल, हे बोटांवर सांगतो आणि बऱ्याचदा ते बरोबर येते.

यंत्राला ही समज नसते. 'पातळी ५१९' एवढेच त्याला मिळाले, तर ते फूट की मीटर, समुद्रसपाटीपासून की नदीच्या तळापासून, सकाळी सातचे की आत्ताचे, हे आकड्याबरोबर ठरलेल्या पद्धतीने लिहिलेले असावे लागते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाची पाऊस, पातळी आणि विसर्ग यांची स्वयंचलित केंद्रे आहेत. मात्र नदी सरहद्दीपाशी थांबत नाही. वरचे सेन्सर एका राज्याचे, खालचे दुसऱ्याचे, मधले धरण तिसऱ्या खात्याचे, आणि प्रत्येकाने वेगळ्या पुरवठादाराकडून वेगळ्या पद्धतीची प्रणाली घेतलेली, अशी स्थिती असेल तर उपकरणे शेकडो असूनही शेवटी एक अधिकारी दुसऱ्याला फोन करून आकडा विचारतो. समान भाषा ठरवणे हे कोणत्याही एका जिल्ह्याचे किंवा राज्याचे काम नाही, आणि म्हणूनच ते राष्ट्रीय धोरणात येते.

हे जमते याचा पुरावा आपल्याच महामार्गावर आहे. फास्टॅग १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून टोल लागणाऱ्या सर्व वाहनांना सक्तीचा झाला. टॅग कोणत्याही बँकेचा असो, तो आनेवाडीला चालतो, तासवड्याला चालतो आणि किणीलाही चालतो, कारण टॅगची भाषा आणि पैशांचा हिशेब यांची एकच पद्धत आधी ठरवली गेली होती. प्रत्येक नाक्याचा टॅग वेगळा असता तर पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्याच्या काचेवर टॅगांची रांगोळी झाली असती. घरातल्या बल्बच्या होल्डरचेही तेच आहे: बल्ब कोणाचाही आणा, दोन पिना बसतातच. बागेतल्या सेन्सरना असा होल्डर अजून नाही. एका कंपनीचा हवामानाचा डबा दुसऱ्या कंपनीच्या ठिबकच्या कंट्रोलरशी बोलत नाही, आणि त्यामुळे पहिली खरेदी ज्याच्याकडून केली त्याच्याच दारात शेतकरी दरवर्षी जातो.

सगळ्या कुलपांना एकच किल्ली

"माझ्या गोठ्यावरच्या कॅमेऱ्यात चोरून बघण्यासारखे काय आहे?" ही हरकत नेहमीची आहे, आणि ती अर्धी खरी आहे. गोठ्यात काही नाही. पण कॅमेरा हा एक छोटा संगणक आहे, आणि चोराला संगणकच हवा असतो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची युक्ती विलक्षण साधी होती. कारखान्यातून निघताना प्रत्येक डब्यावर जो ठरलेला पासवर्ड असतो, तो बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत. मिराईकडे अशा नाव-पासवर्डांच्या साठएक जोड्यांची यादी होती आणि ती दारोदार लावून पाहत फिरत असे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या गुलाम उपकरणांच्या फौजेने इंटरनेटची पत्तेवही सांभाळणाऱ्या डिन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. त्याच सुमारास, आपल्या दृष्टीने जास्त बोलके असे, लायबेरियात घडले. पश्चिम आफ्रिकेतल्या या गरीब देशातल्या एका मोबाइल कंपनीवर, प्रतिस्पर्ध्याकडच्या माणसाने पैसे मोजल्यामुळे, असाच हल्ला झाला. जिथे इंटरनेटला पर्यायी वाटाच कमी असतात, तिथे एक बांध फुटला की सगळे रान वाहून जाते.

यावरचा उपाय तांत्रिकदृष्ट्या किचकट नाही. भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ग्राहकोपयोगी जोडलेल्या उपकरणांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यातली पहिली अट म्हणजे सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड नको, आणि पुढे त्रुटी कळवण्याची सोय व सॉफ्टवेअरची वेळच्या वेळी दुरुस्ती. ही संहिता मार्गदर्शक आहे. ब्रिटनने जवळपास याच अटी २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंधनकारक केल्या आणि दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे विक्रीच्या वेळीच जाहीर करायला लावले. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षाचाचणीची सक्ती एप्रिल २०२५ पासून आली. इतर बरीच उपकरणे अजून सल्ल्यावरच आहेत.

आकडे कोणाचे

अर्ध्या तासाच्या अंतराने नोंदलेला वीजवापर पाहिला की घरात माणसे कधी असतात, कधी झोपतात आणि दिवाळीत घर किती दिवस बंद होते, हे सहज कळते. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती मागणारी सूचना इंग्रजीबरोबर आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, ही त्यातली चांगली तरतूद आहे. संमती मागणारे ॲप जर मोबाइल असलेल्या मुलाच्या हातात असेल आणि शेत वडिलांच्या नावावर असेल, तर संमती कोणाची, हा प्रश्न मात्र ज्या देशांत कुटुंबात एकच चांगला फोन असतो तिथेच उद्भवतो. परदेशी नियम जसेच्या तसे उचलून चालत नाहीत, ते अशा ठिकाणी.

त्याहून अवघड प्रश्न बागेचा आहे. पानांवरचा ओलावा, तापमान आणि मातीतली ओल यांवरून डाऊनी किंवा भुरी या द्राक्षांवरच्या रोगांचा धोका आधी सांगणारे डबे आता पलूस-तासगावकडे अनेक बागांत दिसतात, आणि नेमक्या वेळी फवारणी झाल्याने औषधाचा खर्च वाचतो, हे खरे आहे. पण हजार बागांचे असे आकडे एका ठिकाणी जमले की कोणत्या आठवड्यात किती माल तयार होणार हे ज्याच्या हाती ते आकडे आहेत त्याला व्यापाऱ्याच्या आधी आणि शेतकऱ्याच्याही आधी कळते. वैयक्तिक माहितीचा कायदा माणसाच्या माहितीचे रक्षण करतो. माझ्या मातीचा ओलावा ही माझी वैयक्तिक माहिती आहे की नुसता मातीचा आकडा, याचे सरळ उत्तर त्यात मिळत नाही. डबा शेतकऱ्याने विकत घेतला, वीज त्याची, मजुरी त्याची. कंपनी बदलताना मागच्या पाच हंगामांचे आकडे त्याला बरोबर नेता आले पाहिजेत, एवढे तरी धोरणाने स्पष्ट म्हणावे, असे मला वाटते.

"आधी रस्ते आणि पाणी द्या, सेन्सर नंतर बघू"

ही हरकत ग्रामसभेत हमखास येते आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हातपंपांच्या दांड्यात छोटे यंत्र बसवले. दांडा किती हलला ते मोजून यंत्र एसएमएस पाठवत असे. पंप गप्प झाला की बिघाड कळायचा. आधी पंप नादुरुस्त राहण्याचा सरासरी काळ २७ दिवसांच्या आसपास होता, तो तीन दिवसांखाली आला. म्हणजे सेन्सर हा पाण्याला पर्याय नव्हता, पाणी चालू ठेवण्याचा मार्ग होता.

पण या गोष्टीचा अर्धा भाग नेहमी गाळला जातो. पंप सेन्सरने दुरुस्त केले नाहीत. निरोप मिळताच मोटरसायकलवरून निघणाऱ्या मेकॅनिकने केले. पुढे तिथे फंडीफिक्स नावाची स्थानिक देखभाल कंपनी उभी राहिली. आपल्याकडे गावच्या पाणीपुरवठ्याच्या टाकीवर सेन्सर बसतो, उद्घाटन होते, आणि दोन वर्षांनी बॅटरी संपते, तेव्हा अंदाजपत्रकात यंत्राची खरेदी असते आणि बॅटरीचे खाते नसते. स्मार्ट मीटरच्या केंद्रीय योजनेत मात्र पुरवठादाराला बसवण्याबरोबर चालू ठेवण्याचेही पैसे दरमहा प्रतिमीटर मिळतात. मीटरवर आक्षेप असोत, पण कराराचा हा आकार पाणीयोजनांनी उचलावा असा आहे.

"एवढे नियम झाले तर कुपवाडच्या कारखानदाराने काय करायचे?"

लहान उत्पादकाची ही तक्रार खरी आहे. दोन खोल्यांत स्टार्टरचे डबे जोडणाऱ्याला प्रत्येक मॉडेलच्या चाचणीचा खर्च परवडत नाही, आणि मग नियमांचा फायदा मोठ्या कंपन्यांनाच होतो. सिंगापूरने २०२० मध्ये यावर चार पायऱ्यांचे सुरक्षा लेबल काढले. सर्वांत खालच्या पायरीला पासवर्ड आणि दुरुस्त्या यांसारख्या मूलभूत गोष्टी पुरतात, वरच्या पायऱ्यांना कसून तपासणी. घरातला पंखा आणि धरणाचा दरवाजा यांना एकाच मापाने मोजायचे नाही, हे त्यात गृहीत आहे. भारतात पायऱ्यांबरोबर जिल्ह्याच्या जवळ चाचणीची सोयही लागेल.

मग भारताचे धोरण कुठे आहे

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये जोडलेल्या उपकरणांच्या धोरणाचा मसुदा काढला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो सुधारला. २०२० पर्यंत १५ अब्ज डॉलरचा उद्योग उभा करणे हे त्याचे उद्दिष्ट होते. मे २०१५ मध्ये दूरसंचार विभागाचा स्वतंत्र आराखडा आला. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने ५ अब्ज जोडलेल्या उपकरणांचे लक्ष्य सांगितले. वीज मंत्रालयाने मीटरचे ठरवले, रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रवासी वाहनांतल्या ट्रॅकरचे, इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने कॅमेऱ्यांचे. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. पण एका वाड्यात पाच कारभारी असले की अंगणातला दिवा कोणी लावायचा हे ठरत नाही, आणि मामांचा स्टार्टर हा तसा अंगणातला दिवा आहे. तो वीज मंत्रालयाचा नाही, कारण तो मीटर नाही. त्याच्यात माणसाचे सिम आहे, त्यामुळे यंत्रांच्या नोंदणीतही तो दिसत नाही.

त्याच्यापुढचा आणखी एक प्रश्न मोबाइलच्या जाळ्याचा आहे. जुने मोबाइल स्टार्टर २जी वर चालतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १ जानेवारी २०१७ रोजी आपले २जी जाळे बंद केले, आणि ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राने त्याच्या महिनाभर आधी. भारतात खासगी कंपन्यांनी ३जी आधी गुंडाळले आणि साध्या फोनसाठी २जी चालू ठेवले, म्हणून हे डबे अजून जिवंत आहेत. ज्या दिवशी ते बंद होईल त्या दिवशी विहिरींवरचे हे सगळे स्टार्टर एकदम मुके होतील. जाळे बंद करण्याआधी किती वर्षांची सूचना द्यायची आणि यंत्रे बदलण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरवणे एकट्या शेतकऱ्याच्या किंवा एकट्या कंपनीच्या आवाक्यातले नाही.

गेल्या महिन्यात मामांनी सावधपणे ४जी चा स्टार्टर घ्यायचे ठरवले आणि मला बरोबर नेले. दुकानात मी विचारले, ह्याच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील. दुकानदाराने खोका हातात घेऊन चारही बाजूंनी वाचला, मग झाकण उघडून आतले पुस्तक चाळले. "एक वर्षाची वॉरंटी आहे," ते म्हणाले, "बाकी काही लिहिलेलं नाही." मामांनी पैसे दिले आणि जुना डबा परत घेणार का, ते विचारले.